एकट्याचा जमाखर्च

एकट्या माणसाला खर्च तो काय, असे पुष्कळांना वाटते. ना मुलाबाळांची पुस्तके, ना घरी पैपाहुणा. पण एकटा राहणारा माणूस हिशेबाला बसला, म्हणजे निराळीच गोष्ट दिसून येते. खोलीचे भाडे एकट्यासाठी निम्मे होत नाही. भात चौघांचा शिजो की एकाचा, जळणात फारसा फरक पडत नाही. भाजीची जुडी अर्धी विकत मिळत नाही आणि उरलेली दुसऱ्या दिवशी कोमेजून जाते. कामावरून थकून आल्यावर चूल पेटविण्याचा कंटाळा आला, तर पान वाढून ठेवणारे दुसरे कोणी नसते. मग पाय आपोआप हॉटेलाकडे वळतात.

नागपूरच्या उत्तरेस पारशिवनी तालुका आहे. त्याच्या एका बाजूला पेंचचे जंगल आणि धरणाचे पाणी, मध्ये शेतीची गावे, आणि दुसऱ्या टोकाला कन्हानच्या परिसरातील कोळशाच्या खाणी. शेतातील काम सरले, की गावचा एखादा तरुण कन्हानकडे किंवा थेट नागपुरास मजुरीसाठी जातो. असा एक तरुण डोळ्यांपुढे आणावा. कन्हानला त्याने दरमहा 1200 रुपये भाड्याची खोली घेतली आहे. रोजची मजुरी 450 रुपये आणि आठवड्यातून सहा दिवस काम. म्हणजे शनिवारी संध्याकाळी त्याच्या हाती 2700 रुपये पडतात. हे आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. पण हिशेबाची रीत खरी आहे.

मजुरीच्या दिवशी माणूस स्वतःला श्रीमंत समजतो, आणि खरा धोका त्याच दिवशी असतो. खिशातले पैसे सात दिवसांचे आहेत, हे खिसा सांगत नाही. म्हणून त्या तरुणाने पहिल्याच संध्याकाळी दोन रकमा बाजूला काढल्या. भाड्याचा चौथा हिस्सा 300 रुपये, आणि गावी आईला पाठवावयाचे 800 रुपये. आईचे पैसे आधी का काढावेत? तर आठवड्याच्या शेवटी जे उरेल ते पाठवू, असे म्हणणाऱ्याजवळ शेवटी काही उरत नाही. गावी मात्र त्या पैशांवर किराणा आणलेला असतो, धाकट्या बहिणीच्या वह्या अडलेल्या असतात. शिवाय आधी बाजूला काढलेल्या पैशांची हाताला सवय राहत नाही.

उरले 1600. आठवडी बाजारातून तांदूळ, तुरीची डाळ, तेल, भाजी आणि वैदर्भीय माणूस ज्याला सांबार म्हणतो ती कोथिंबीर, शिवाय जळण, असे सारे मिळून 1000 रुपये झाले. साबण, दाढी, मोबाइल यांचे 200 झाले. आता राहिला चहा. दिवसातून दोन वेळा चहा आणि एकदा नाश्ता यांचे 40 रुपये कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. पण सात दिवसांचे ते 280 होतात. सगळे वजा जाता त्याच्याजवळ 120 रुपये राहिले. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण योग्यच आहे. पण अंथरूण आधी मोजावे लागते, हे ती सांगत नाही. चहा सोडावा, असा याचा अर्थ नव्हे. दिवसभर राबणाऱ्याला चहाचा आधार असतो. तो 280 रुपयांचा आहे, एवढे त्याला ठाऊक असले म्हणजे झाले.

आता एखाद्या आठवड्यात मुसळधार पाऊस आला किंवा अंगात ताप भरला आणि एक दिवसाचे काम बुडाले. मजुरीचे 450 रुपये गेले. शिल्लक तर 120. मग उसने काढावे लागतात, आणि पुढच्या आठवड्याची मजुरी येण्यापूर्वीच तिला भोक पडते.

ही अडचण नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात असंख्य माणसे अशीच एकटी राहत. बायकामुले कोकणात किंवा घाटावर, आणि घरधनी परळ-लालबागच्या चाळीत, एकेका खोलीत अनेकांसह. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने 1921-22 साली कामगारांचे जमाखर्च गोळा केले आणि 1923 साली त्यांचा अहवाल छापला. त्यांत सहाशेहून अधिक जमाखर्च एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे होते. कुटुंबांच्या जमाखर्चावरून दिसले, की शंभरांपैकी 47 कुटुंबे कर्जात होती आणि ते कर्ज सुमारे अडीच महिन्यांच्या कमाईइतके होते. व्याज पुष्कळदा रुपयामागे दरमहा एक आणा असे. एक आणा ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण तेव्हा रुपयाचे आणे सोळा, आणि वर्षाचे महिने बारा. म्हणजे एका रुपयावर वर्षाला बारा आणे, शेकडा 75 व्याज!

एकट्या गिरणी कामगारांचे जेवण खानावळीत होई. त्या बहुधा बायकाच चालवीत. कामगार महिनाभर जेवत आणि पगार झाल्यावर पैसे देत. तोपर्यंत धान्य आणावयाचे कोठून? खानावळवालीही व्याजाने पैसे काढी. एकाची उधारी अशी दुसरीच्या गळ्यात पडे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून अशा स्त्रियांना बँकांकडून कर्ज मिळवून दिले, तेव्हा कित्येकींची सावकारापासून सुटका झाली. पगार वेळेवर मिळण्यासाठी त्याआधी, 1936 साली, कायदा झाला होता. पगाराची मुदत एका महिन्याहून मोठी नसावी आणि ती संपल्यावर सातव्या, मोठ्या कारखान्यांत दहाव्या दिवसाच्या आत पगार मिळावा, असे त्याने ठरवून दिले. पगार जितका लांबणीवर, तितकी उधारी मोठी. आठवड्याने मजुरी मिळणाऱ्याची ही एक बाजू तरी बळकट असते.

त्या तरुणाने एक लहानशी वही केली आहे. डाव्या पानावर जमा आणि उजव्या पानावर खर्च तो रोज रात्री लिहितो. वही ठेवल्याने मजुरी वाढत नाही, आणि मजुरीच अपुरी असेल तर कितीही लिहिले तरी पोट भरत नाही. पण वहीमुळे त्याला एक गोष्ट सापडली. भाड्यासाठी तो दर आठवड्याला 300 रुपये काढतो. चार आठवड्यांचा एक महिना धरला, तर बारा महिन्यांचे 48 आठवडे होतात. वर्षाचे आठवडे मात्र 52. एकही आठवडा न चुकता पैसे काढले, तर वर्षअखेर 15600 रुपये जमतात आणि घरमालकाला द्यावयाचे असतात 14400. हे 1200 रुपये त्याने कोठून वाचविले, असे विचारले तर त्याला सांगता यावयाचे नाही. ते चार आठवड्यांच्या फटीतून आले. टपाल कचेरीची बचत बँक 1882 सालापासून चालू आहे आणि तेथे 500 रुपयांत खाते उघडता येते. पावसाळ्यात काम बुडाले, म्हणजे तो आता शेजाऱ्याकडे हात न पसरता खातेपुस्तक घेऊन टपाल कचेरीत जातो.