कामसू सहकारी आणि कार्यालयप्रमुखाचे कर्तव्य

वर्धा शहरातील मगनवाडी आणि सेवाग्राम आश्रम यांच्यामधील अंतर आठ-नऊ किलोमीटरचे आहे. आज वाहनाने काही मिनिटांत कापला जाणारा हा रस्ता १९३६ साली एका व्यक्तीने उन्हापावसात अनेकदा पायी तुडविला. ही व्यक्ती म्हणजे महात्मा गांधींचे सचिव महादेव देसाई. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव या खेड्यात राहावयास गेले. या गावास सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये मिळाले. खेड्यात आपण शक्यतो एकट्यानेच राहावे, अशी गांधीजींची इच्छा होती. त्यामुळे महादेवभाईंचे बिऱ्हाड, टपाल आणि ‘हरिजन’ साप्ताहिकाचे काम मगनवाडीतच राहिले. टपाल घेऊन शेगावला जावे, उत्तरे, मसुदे व मुलाखतींची टिपणे आटोपून परत यावे, असा क्रम सुरू झाला. कधीकधी एकाच दिवसात दोन खेपा घडत. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या पायपिटीचा अर्थ निराळा सांगावयास नको.

अमुक इतके चालावे, असा आदेश महादेवभाईंना कोणी दिला नव्हता. गांधीजींची सोय, टपालाची सोय आणि साप्ताहिकाची सोय पाहून जी व्यवस्था आपोआप उभी राहिली, तिची गैरसोय एका माणसाच्या पायांवर येऊन पडली आणि त्या माणसाने ती बिनतक्रार स्वीकारली, इतकेच. शासकीय कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्या कारभारात हीच गोष्ट लहान प्रमाणात नित्य घडत असते. म्हणून हे उदाहरण केवळ श्रद्धेने स्मरण्याचे नसून कार्यालयप्रमुखाने अभ्यासण्याचेही आहे.

महादेवभाई १९१७ च्या अखेरीस गांधीजींकडे आले आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, अटकेनंतर सहाव्या दिवशी, हृदयविकाराने निवर्तले. त्या वेळी त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते. या पंचवीस वर्षांत त्यांनी सचिवाचे काम केले, साप्ताहिके सांभाळली, गांधीजींच्या आत्मकथेचे इंग्रजी भाषांतर केले आणि रोजनिशीही लिहिली. त्यांचे अक्षर देखणे आणि टिपण अचूक असे. काम जितके बिनचूक, तितके ते अधिक त्यांच्याकडे येत गेले. १९३८ साली रक्तदाबाच्या विकाराने त्यांची प्रकृती ढासळली आणि सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. विश्रांती घेण्याविषयी गांधीजी त्यांना वारंवार बजावीत. परंतु विश्रांतीचा उपदेश करणारे आणि ज्यांच्या कामामुळे विश्रांती मिळत नव्हती ते, एकच होते. त्यांचा मृत्यू श्रमांमुळेच ओढवला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र केवळ उपदेशाने भार हलका होत नाही, हे यावरून स्पष्ट दिसते.

अशा सहकाऱ्यासाठी मराठीत ‘भिडस्त’ हा नेमका शब्द आहे, आणि ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण त्याचा परिणामही सांगून टाकते. पंचायत समितीतील एखादा सहायक स्वतःच्या टेबलाचे काम करतो, रजेवर गेलेल्या शेजाऱ्याचे विवरणपत्र भरतो, संगणकावर नवख्याचे पत्र नीट करून देतो आणि सायंकाळी आमसभेची टिप्पणीही त्याच्याकडेच येते. शाळेत मुख्याध्यापक शालेय पोषण आहाराचा हिशेब, स्नेहसंमेलन आणि शिष्यवृत्तीचे अर्ज ही सारी कामे एकाच शिक्षिकेकडे सोपवितात. कारण ‘त्या बाई नाही म्हणत नाहीत’. हे वाक्य बहुधा कौतुकाने उच्चारले जाते. वास्तविक ते कार्यालयाच्या दुबळेपणाचे निदान आहे. त्या बाई आजारी पडल्या अथवा त्यांची बदली झाली म्हणजे तीन विषयांचे कागद कोठे आहेत हे कोणासच ठाऊक नसते, आणि इतरांना ते काम करण्याचा सराव उरलेला नसतो.

भिडस्तपणाच्या जोडीला पुष्कळदा परिपूर्णतेचा हव्यास असतो. साधे स्मरणपत्रही चार वेळा लिहावयाचे, दुसऱ्याने केलेला तक्ता पुन्हा स्वतः तपासावयाचा, आणि एका आकड्याच्या खात्रीसाठी नस्ती अडवून धरावयाची, अशी ही वृत्ती असते. या वृत्तीतून उत्तम काम होते हे खरे. पण विलंबही होतो. शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमाप्रमाणे कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे प्रलंबित राहू नये. अशा सहकाऱ्यास ‘लवकर करा’ असे सांगून उपयोग होत नाही. तो रात्री जागून तेच काम तितक्याच बारकाईने करतो. कोणत्या कागदास किती काटेकोरपणा हवा, हे प्रमुखानेच आधी ठरवून द्यावयास हवे. न्यायालयात जावयाचे शपथपत्र आणि बैठकीचे निमंत्रण यांना एकच माप लावण्याचे कारण नाही. ‘याचा कच्चा मसुदा आज दुपारी पुरे, स्वच्छ प्रतीची गरज नाही’ असे एक वाक्य त्याची संध्याकाळ वाचवू शकते.

चुकीबद्दल बोलतानाही अशा माणसाच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. १९३८ च्या मार्चमध्ये ओरिसातील डेलांग येथे गांधी सेवा संघाचे संमेलन भरले होते. त्या वेळी कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन पुरीच्या जगन्नाथ मंदिरात जाऊन आल्या. हरिजनांना प्रवेश नसलेल्या मंदिरात आपल्या माणसांनी जावे याचे गांधीजींना अतिशय दुःख झाले, आणि महादेवभाईंनी त्यांना आधी नीट समजावून सांगावयास हवे होते, असा दोष त्यांनी दिला. महादेवभाईंनी सरळ सेवेतून मुक्त होण्याची परवानगी मागितली. गांधीजींनी ती दिली नाही आणि महादेवभाई राहिले. तत्त्वाच्या दृष्टीने गांधीजींचा आग्रह रास्त होता, हे येथे नमूद करावयास हवे. पण जो माणूस वर्षानुवर्षे एकही काम नाकारीत नाही, तो एका ठपक्यासरशी सर्वच सोडून जावयास निघतो, ही गोष्ट कार्यालयप्रमुखांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘हे काम मला जमणार नाही’ असे लहान नकार ज्याने कधी दिलेले नसतात, त्याच्याकडे एक मोठा नकार साठत असतो. बदलीचा अनपेक्षित अर्ज अथवा स्वेच्छानिवृत्तीची सूचना या रूपाने तो प्रकट होतो, आणि तोपर्यंत सारे सुरळीत चालले आहे असेच प्रमुखास वाटत असते. म्हणून चूक दाखवावयाची तर ती एकांतात, त्या एका कागदापुरती दाखवावी. त्याच्या निष्ठेचा उल्लेख तीत येऊ देऊ नये.

आता प्रश्न असा की, नकार देणे ज्याच्या स्वभावात नाही त्यास तो शिकवावा कसा? स्वभाव बदलण्याच्या फंदात न पडलेलेच बरे. नकार व्यवस्थेने द्यावा, म्हणजे माणसास भीड मोडावी लागत नाही. याचेही उदाहरण सेवाग्रामातच सापडते. गांधीजी दर सोमवारी मौन पाळीत. भेटीस कोणीही येवो, त्या दिवशी बोलणे नाही हे सर्वांना आधीच ठाऊक असे. त्यामुळे कोणाचा अवमान होत नसे. प्रमुखाने स्वतःसाठी असा नियम केला होता. सचिवासाठी मात्र असा वार ठरलेला नव्हता.

अलीकडच्या कायद्यातही हेच तत्त्व दिसते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २७ अन्वये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना नेमता येत नाही. गावचे सरपंच आणि शाळा यांचे संबंध जिव्हाळ्याचे असतात, व अशा जिव्हाळ्यापोटी गुरुजींना अनेक कामे सांगितली जातात. तेथे गुरुजींनी सरपंचांना नाही म्हणण्यापेक्षा मुख्याध्यापकांनी या कलमाकडे बोट दाखविणे सर्वांनाच सोयीचे.

कार्यालयात यासाठी नवे काही निर्माण करावयास नको. कार्यविवरण नोंदवही प्रत्येक टेबलावर असतेच. ती केवळ प्रलंबित संदर्भ मोजण्यासाठी न वापरता काम कोणाकडे साचत आहे हे पाहण्यासाठीही वापरता येते. तीत न उतरणारी तोंडी कामे हीच बहुधा भिडस्त माणसाची खरी डोकेदुखी असते. ती प्रमुखाच्या संमतीशिवाय दुसऱ्या टेबलाकडे जाऊ नयेत, असा दंडक घालावा. नवे काम देताना ‘कराल का?’ हा प्रश्न अशा सहकाऱ्यास विचारणे निरर्थक आहे, कारण उत्तर ठरलेलेच असते. ‘हे घेतल्यास हातातील कोणते काम बाजूला ठेवावयाचे?’ असे विचारावे, आणि तो ‘काही नको, करतो’ म्हणाला तर एक काम प्रमुखाने स्वतःच उचलून दुसऱ्याकडे द्यावे. दुसरा ते काही दिवस कमी प्रतीचे करील. तेवढी तयारी प्रमुखाची हवी. बहुतेक प्रयोग येथेच फसतात, कारण चांगल्या अक्षराची आणि बिनचूक बेरजेची सवय त्यालाही लागलेली असते.

सर्वांत बोलका कागद म्हणजे रजेचा हिशेब. किरकोळ रजा वर्षअखेर न घेताच बाद होते, अर्जित रजा नुसती साठत राहते, असे ज्याच्या बाबतीत दिसेल तो कर्मचारी आदर्श समजून सत्कारास निवडण्यापूर्वी त्याच्या टेबलावर काय काय येऊन पडले आहे ते पाहावे. मार्चअखेरची धावपळ संपली की त्याला सलग आठ-दहा दिवसांच्या रजेवर जाण्यास सांगावे, त्याचा कार्यभार लेखी आदेशाने दोघांत विभागून द्यावा, आणि त्या अवधीत त्यास दूरध्वनी करू नये. तो परत येईल तेव्हा काही पत्रे भलत्याच नस्तीत लावलेली सापडतील. ती त्याच्या हाती न देता, ज्याने लावली त्याच्याकडूनच पुन्हा लावून घ्यावीत.