फॅन बेल्ट : गाडी शिकणाऱ्या मुलांसाठी

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मी संस्थेची जुनी जीप चालवतो. वसतिगृहातली मोठी मुले आता गाडी शिकू लागली आहेत, म्हणून या अंकात हा पाठ.

मागच्या मे महिन्यात वैजापूरकडून एका अडलेल्या बाईला चोपड्याला नेत होतो. आठवडाभर सकाळी गाडी सुरू केली की पुढून ‘चीं’ असा आवाज यायचा आणि दोन मिनिटांत थांबायचा. थांबतो ना, मग राहू दे, असे मी म्हणत राहिलो. त्या दिवशी वाटेत बेल्ट तुटला. बॅटरीचा लाल दिवा लागला, मग तापमानाचा काटा चढू लागला. गाडी बंद केली. कोणीतरी सुचवले म्हणून पुलीवर दोरी बांधून पाहिली; इंजिन चालू होताच ती सुटली. मागून आलेल्या पिकअपमधून बाईला पुढे पाठवले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण उन्हात गेलेल्या त्या पाऊण तासाचा दोष माझाच.

नाव फॅन बेल्ट असले तरी तो नुसता पंखा फिरवत नाही. आमच्या जीपमध्ये इंजिनच्या खालच्या पुलीवरून तो वॉटर पंप आणि अल्टरनेटरही फिरवतो. तो तुटला की चार्जिंग थांबते, ते एक वेळ चालेल. पण पाणी फिरायचे थांबते आणि इंजिन तापते. म्हणून लाल दिव्याबरोबर काटा चढला तर ‘जवळच आहे, पोचू’ म्हणू नका. आणि गरम रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नका.

हा बेल्ट पाचरीसारखा असतो. तो तळाने नव्हे, दोन्ही कडांनी पुलीला धरतो. कडा झिजल्या की तो खाचेत खाली बसतो, घसरतो, चकाकतो आणि ओरडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उष्णतेने रबर कडक होऊन भेगा पडतात. बेल्ट उलटा वळवून आतली बाजू पाहा, भेगा तिथेच दिसतात. आवाज आला म्हणून साबण किंवा तेल लावणारे बरेच भेटतील. त्याने बेल्ट लवकर जातो.

बदलताना इंजिन थंड हवे, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली. अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि वरच्या पट्टीतला बोल्ट ढिले करा, अल्टरनेटर इंजिनकडे ढकला, बेल्ट निघतो. दुकानात जुना बेल्ट सोबत न्या, त्यावरचा नंबर जुळवा. पुल्या हाताने फिरवून पाहा. खरखर लागली तर बेअरिंग गेले आहे, नवा बेल्टही टिकणार नाही. नवा चढवून टॉमीने अल्टरनेटर बाहेर ओढा आणि बोल्ट आवळा. दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबले की बेल्ट साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. जास्त ताणलात तर वॉटर पंपाचे बेअरिंग खराब होते. नवा बेल्ट थोडा सैलावतो, म्हणून दोनतीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा पाहायचा.

नव्या गाड्यांत बारीक रेघांचा रुंद बेल्ट अनेक पुल्यांवरून जातो. तो काढण्याआधी त्याची वाट कागदावर काढून ठेवा. टायमिंग बेल्ट मात्र वेगळा, झाकणाआड असतो. त्याला हात लावू नका, मेकॅनिककडे जा.

आता सीटखाली एक जादा बेल्ट आणि पाने असतात. तुटलेला बेल्ट वसतिगृहाच्या शेडमध्ये खिळ्याला टांगला आहे, भेगा कशा असतात ते हात लावून पाहा.