सायकल चालवताना

(सायकल हे साधे वाहन आहे, पण तिची निगा राखावी लागते आणि ती जपून चालवावी लागते. ही काळजी कशी घ्यावी, ते या पाठात सांगितले आहे.)

धाराशिव, म्हणजे पूर्वीचे उस्मानाबाद, बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले आहे. शहरापासून धाराशिव लेणी सुमारे ८ किलोमीटरवर आहेत. सायकलवरून अशा भागात फिरताना चढावर दम लागतो. उतार लागला, की पायडल न मारताही सायकल धावते. मोठी मजा वाटते. पण धोकाही तेथेच असतो.

पूर्वीची सायकल आजच्यासारखी नव्हती. १८१७ साली जर्मनीतील कार्ल ड्राइस यांनी दोन चाकांचे लाकडी वाहन बनवले. त्याला पायडल नव्हते. पायांनी जमीन मागे ढकलावी लागे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळजवळ सारखी दोन चाके आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल तयार केली. पुढे जॉन डनलॉप या पशुवैद्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला. सायकलवर बसणे सुखाचे झाले. पण काट्याची भीतीही आली!

आपल्याकडे रस्त्याच्या कडेला सराटे आणि बाभळीचे काटे पडलेले असतात. पंक्चर झाल्यावर सायकलवर बसून जाऊ नये. ट्यूब फाटते, रिम वाकते. दुकानात कारागीर काय करतो, ते नीट पाहा. तो ट्यूब बाहेर काढून तिच्यात हवा भरतो व ती पाण्यात बुडवतो. जेथून बुडबुडे येतात, तेथे छिद्र असते. ती जागा कोरडी करून तो घासतो, सोल्युशन लावतो, ते थोडे सुकू देतो आणि ठिगळ चिकटवतो. मग टायरच्या आतून काटा शोधून काढतो. काटा तसाच राहिला, तर नवे पंक्चर ठरलेलेच!

रोज निघण्यापूर्वी हवा, ब्रेक आणि चेन पाहावी. चेनवरची धूळ पुसून थोडे तेल घालावे. रिमला मात्र तेल लागू देऊ नये. नाहीतर ब्रेक घसरतो.

ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे ४ मीटर पुढे जाते. आपल्या जिल्ह्याच्या उस्मानाबादी शेळ्या प्रसिद्ध आहेत. अशी एखादी शेळी अचानक समोर आली, तर हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर संपलेले असते. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. म्हणून उताराच्या सुरुवातीलाच वेग कमी करावा. दोन्ही ब्रेक दाबत-सोडत वापरावेत. फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर आपण हँडलवरून पुढे फेकले जातो. ब्रेक लागत नसेल, तर खाली उतरून चालत जावे. यात लाज कसली? शाळेत दहा मिनिटे उशिरा पोहोचलेले बरे.

लहान भावंडाला कॅरिअरवर बसवले, तर त्याचा पाय स्पोकमध्ये अडकू शकतो. टाच सोलवटते, कधी हाडही मोडते. पाय ठेवायला सुरक्षित जागा नसेल, तर त्याला बसवूच नये. ओढणी, बुरख्याचे टोक किंवा पायजम्याची मोहरी चेनमध्ये सापडू नये, म्हणून ती आवरून घ्यावी.

सोलापूर-धुळे महामार्गावर जड वाहने असतात. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसतात. पहिली ट्रॉली गेली, म्हणून लगेच रस्ता ओलांडू नये; मागे दुसरी असते. नेहमी डाव्या बाजूने, एकामागे एक चालावे. वळताना हात दाखवावा. अंधारात पुढे दिवा व मागे लाल रिफ्लेक्टर हवाच.

मुलांनो, सायकलला पेट्रोल लागत नाही. तिला थोडी हवा, थोडे तेल आणि आपले पूर्ण लक्ष लागते. एवढे दिले, की ती आपल्याला रोज सुखरूप घरी आणते.

शब्दार्थ
निगा – देखभाल
सराटा – जमिनीवर पसरणाऱ्या एका वनस्पतीचे काटेरी फळ
ठिगळ – छिद्र बुजवण्यासाठी लावलेला तुकडा
मोहरी – पायजम्याच्या पायाचा खालचा काठ
सोलवटणे – कातडी निघणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) ट्यूबचे छिद्र कसे सापडते?
(आ) रिमला तेल का लागू देऊ नये?
२. कारण सांगा : पहिली ट्रॉली गेल्यावर लगेच रस्ता ओलांडू नये.
३. 'दुकान' हा शब्द उर्दूत स्त्रीलिंगी आहे. मराठीत तो नपुंसकलिंगी आहे. उदा. माझे दुकान. हवा, जमीन, कारागीर हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या सायकलची हवा, ब्रेक आणि चेन तपासा. काय आढळले, ते पाच ओळींत लिहा.