वीणेची तार आणि मनाचे स्वास्थ्य

उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारा उपासक नृत्य, गीत व वादन यांपासून अलिप्त राहण्याचे शील ग्रहण करतो. आणि एरवी त्याच विहाराच्या अंगणात पेटी-ढोलकीवर बुद्ध-भीमगीते रात्री रंगतात. यात विसंगती नाही काय, असा प्रश्न आपल्याकडील तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास संगीत मनावर काय करते, याचाही उलगडा होतो, असे आम्हांस वाटते.

दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चशिख वीणेवर गातो, तेव्हा तारेचा स्वर आणि कंठाचा स्वर एकमेकांशी छान जुळले म्हणून तथागत त्याची प्रशंसा करतात. (गीत तर चक्क प्रेमगीत होते!) उलट धम्म आळवून आळवून गाणाऱ्या भिक्खूंना ते सावध करतात, कारण गाणारा स्वतःच्याच आवाजावर लुब्ध होतो व त्याची समाधी भंगते. म्हणजे आक्षेप स्वरावर नाही, आसक्तीवर आहे.

याहून बोलकी कथा सोण स्थविरांची. चंपानगरीचा हा श्रीमंताचा मुलगा गृहस्थाश्रमात वीणावादनात निपुण होता. प्रव्रज्येनंतर चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी मन स्थिर होईना. घरी परत जावे, असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला रागावले नाही, की उपदेशही लादला नाही. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का, फार सैल सोडल्या तर वाजते का, एवढेच विचारले. ताणाने गांजलेल्या माणसाशी त्याच्याच परिचयाच्या गोष्टीतून कसे बोलावे, याचा इतका उत्तम नमुना क्वचितच सापडेल.

आपल्या समाजाला ही तार लावून दिली ती जलशांनी. १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे गावोगाव फिरले. पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून वागलेल्या माणसाला चारचौघांत मोठ्याने स्वाभिमानाचे गाणे म्हणता आले, हा केवळ प्रचार नव्हता. तो मनावरचा उपचारही होता. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचा पहिला संसार मोडला, लहानगी लेक गेली. तरी हा माणूस गाणी रचीत अखेरपर्यंत गावोगाव गात राहिला. दुःख आहे, हे पहिले आर्यसत्य त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आधुनिक संशोधनही याला पुष्टी देते. समूहात गाताना श्वास दीर्घ व एका लयीत होतो आणि गाणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची गती बरोबरीने चढते-उतरते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखविले. नैराश्याच्या रुग्णांवरील चाचण्यांचा २०१७ साली आढावा घेतला गेला. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली असता निदान थोड्या मुदतीत अधिक आराम पडतो, असे त्यात दिसले. यातील ‘जोड’ हा शब्द महत्त्वाचा. औषध बंद करून भजनास बसा, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये.

आमच्या वऱ्हाडात हा विषय पुस्तकी नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना केंद्राचे विशेष पॅकेज मिळाले, त्यांत अमरावती व अकोला दोन्ही होते. पीककर्जासाठी बँकेच्या खिडकीशी येणारा माणूस हप्त्याविषयी बोलतो. झोप लागत नाही, हे बोलत नाही. असा माणूस प्रथम विहारात येणे बंद करतो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

आणि आपण काय करतो? जयंतीला भिंतीएवढे बॉक्स लावतो. छातीत धडधड होते, शेजारचा आजारी माणूस कूस बदलत राहतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास कायद्याने मनाई आहेच. परंतु आमचा आक्षेप वेगळा आहे. त्या आवाजात कोणी गात नाही. सोणाची तार इथे तुटेपर्यंत ताणलेली असते.

वर्षावासात विहारोविहारी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचनानंतर अर्धा तास सर्वांनी मिळून गावे. माईक नको, एक ढोलकी व टाळ पुरेत. जो येईनासा झाला असेल त्याला घरी जाऊन घेऊन यावे, आणि गाऊनही ज्याचे मन उभारी धरीत नाही त्याला मांत्रिकाकडे न नेता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. २०२२ पासून १४४१६ या शासकीय टेलिमानस क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर कायम लिहून ठेवावा.