मालाजोगी पिशवी

शेतमाल पिकविणें ही एक विद्या आहे व पिकविलेला माल गिऱ्हाइकाच्या हातीं चांगल्या स्थितींत पोंचविणें ही दुसरी. पहिलींत आपले शेतकरीबंधु कोणास हार जाणार नाहींत. परंतु दुसरींत पुष्कळांचें नुकसान होतें. तें बहुधा अशा एका वस्तूमुळें होतें कीं, जिची किंमत मालाच्या मानानें क्षुल्लक असते. ती वस्तु म्हणजे मालाची पिशवी.

हा धडा आम्ही स्वतःच्या खर्चानें शिकलों. आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. सेवानिवृत्त झाल्यावर घरच्या भुईमुगाची चटणी व घरच्या गुळाची भुकटी करून विकावी असें आमच्या मनांत आलें. तालुक्याच्या गांवीं एका दुकानीं पारदर्शक व चकचकीत पिशव्या मिळाल्या. त्यांत आम्हीं चाळीस किलो चटणी व तितकीच भुकटी एकाच दिवशीं भरून किराणा दुकानदारांस दिली. महिना-दीड महिन्यानें चटणी परत आली. ती खवट झाली होती. भुकटीस मात्र कांहींच झालें नव्हतें. पिशवी एक, भरण्याचा दिवस एक, ठेवण्याची फळी एक; मग एक जिन्नस नासावा व दुसरा टिकावा हें कसें? या प्रश्नाच्या उत्तरांतच वेष्टनाचें सारें शास्त्र आहे.

माल जिवंत कीं कोरडा?

पिशवी घेण्यापूर्वीं हा पहिला प्रश्न स्वतःस विचारावा. कांदा, द्राक्षें, भाजीपाला हे तोडल्यावरही श्वास घेत असतात. ते प्राणवायु घेतात आणि कर्बवायु, पाण्याची वाफ व उष्णता बाहेर टाकतात. असा माल बंद पिशवींत कोंडला म्हणजे आंत घाम सुटतो व कूज लागते. म्हणून कांद्यास जाळीची पिशवी, पालेभाजीस भोकें पाडलेली पातळ पिशवी व द्राक्षांस छिद्रें असलेली पिशवी अथवा डबी वापरतात. जिवंत मालास खिडकी हवी.

कोरड्या मालास उलट कुलूप हवें. पण कोणत्या चोराविरुद्ध, हें आधीं ठरविलें पाहिजे. गुळाची भुकटी व पापड यांचा शत्रु दमट हवा. चटणी, शेंगदाणे, तीळ, कारळे या तेलकट जिनसांचे शत्रु प्राणवायु व उजेड. त्यांच्यामुळें तेल खवट होतें. हळद व तिखट यांचा रंग उजेडानें उडतो व वास हळूहळू निघून जातो. डाळी-कडधान्यांचा शत्रु कीड.

येथें एक इशारा देतों. पिशवी माल वाळवीत नाहीं. ओला माल घट्ट बंद केला तर आंतली ओल आंतच राहून बुरशी येते. धान्य बंद करावयाचें असेल तर त्यांतील ओल सुमारें १२ टक्क्यांवर असूं नये.

प्लॅस्टिकचे प्रकार

जमीन घेण्यापूर्वीं आपण सातबारा पाहतों, तसा पिशवी किंवा डबा घेण्यापूर्वीं बाणांच्या त्रिकोणांतील अंक पाहावा. त्या अंकावरून जात कळते.

(१) अंक ४, नरम पॉलिथीन. हें मऊ असून ताणलें असतां वाढतें, व उष्णतेनें चांगलें चिकटतें. दमट हवा हें बरेंच अडवितें. परंतु प्राणवायु व वास यांस वाट देतें.

(२) अंक २, घट्ट पॉलिथीन. याचे कॅन, पिंपें व झांकणें होतात. पुष्कळशीं औषधें याच कॅनांतून येतात. फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी त्यांत तेल, काकवी किंवा पाणी कधींही भरूं नये.

(३) अंक ५, पॉलिप्रोपिलीन. याची पिशवी स्वच्छ पारदर्शक असून हातांत चुरचुर वाजते. धान्याच्या विणलेल्या गोण्या व कांद्याच्या जाळ्या बहुधा याच्याच असतात. हें सुमारें १६० अंश सेंटिग्रेडला वितळतें. म्हणून गरम जिन्नस सोसतें. दमट हवा हें उत्तम अडवितें, पण प्राणवायूच्या बाबतींत हेंही कच्चेंच.

(४) अंक १, पेट. बाटल्या व बरण्या याच्या करतात. प्राणवायु हें पहिल्या तिन्हींपेक्षां पुष्कळच चांगला अडवितें. परंतु साधी पेटची बाटली ७५ ते ८० अंशांस नरम पडूं लागते. आमच्या एका शेजाऱ्यानें काहिलींतील गरम काकवी अशा बाटल्यांत ओतली. बाटल्या आकसून वेड्यावांकड्या झाल्या. काकवी निववून भरली असती तर त्याच बाटल्या चालल्या असत्या.

(५) अंक ७, इतर व मिश्र प्रकार. अनेक पदरी पिशव्या बहुधा याच वर्गांत येतात. बाहेर छपाईसाठीं पेट, मध्यें ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पदर व आंत चिकटण्यासाठीं पॉलिथीन, अशी तिची सामान्य रचना असते. ही ओल, प्राणवायु व उजेड या तिघांसही चांगली अडविते. मात्र महाग असते, व पदर वेगळे करणें कठीण असल्यामुळें तिचा पुन्हां उपयोग होणें अवघड जातें.

अंक ३ व ६ यांचीं वेष्टनें आपल्या खाद्य मालासाठीं घेण्याचें कारण नाहीं.

आतां आमच्या चटणीचें कोडें सुटेल. आमच्या पिशव्या पॉलिप्रोपिलीनच्या होत्या. त्यांनीं ओल अडविली म्हणून गूळ टिकला. प्राणवायु व उजेड अडविला नाहीं म्हणून चटणी गेली. दोष पिशवीचा नव्हता. मालाचा शत्रु न ओळखतां पिशवी घेणाऱ्या आमचा होता. हल्लीं चटणीस आम्ही तीनपदरी पिशवी वापरतों; गुळास मात्र जुनीच साधी पिशवी आहे, कारण तेथें जास्त खर्च केवळ व्यर्थ होय.

कडधान्याच्या किडीवर वेगळाच उपाय आहे. विणलेल्या गोणींत पॉलिथीनच्या दोन जाड पिशव्या, एकींत एक घालून, माल भरल्यावर निरनिराळ्या घट्ट बांधतात. आंतील कीड असलेला प्राणवायु संपविते व गुदमरून मरते. ही रीत अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं आफ्रिकेंतील कॅमेरून देशीं चवळीसाठीं बसविली. माल कोरडा हवा व पिशवीस एकही भोंक नको, या तिच्या अटी आहेत.

जाडीचा हिशेब

पिशवीची जाडी मायक्रॉनांत सांगतात. बाजारांत गेज हा शब्दही चालतो. १०० गेज म्हणजे सुमारें २५ मायक्रॉन. दुकानदार सांगेल ती जाडी खरी कीं खोटी हें तराजूवर कळतें. २० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर लांब पिशवीच्या दोन्ही बाजू मिळून १,२०० चौरस सेंटिमीटर होतात. ५० मायक्रॉन म्हणजे सेंटिमीटरचा २०० वा भाग. म्हणजे ६ घन सेंटिमीटर प्लॅस्टिक झालें. नरम पॉलिथीन घन सेंटिमीटरास सुमारें ०.९२ ग्रॅम भरतें. तेव्हां एक पिशवी सुमारें साडेपांच ग्रॅमची व एका किलोंत सुमारें १८० पिशव्या. त्याच किलोंत २२५ निघाल्या तर पिशवी ४० मायक्रॉनची आहे असें समजावें व परत करावी.

कायद्याची बाजू

२०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें माल गुंडाळण्याचें साधें प्लॅस्टिक, कांहीं अपवाद सोडल्यास, ५० मायक्रॉनहून पातळ असतां कामा नये. सामान नेण्याच्या हातपिशवीस ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनची मर्यादा आहे. महाराष्ट्रांत २०१८ ची राज्याची अधिसूचना व तिच्या दुरुस्त्या आणखी लागू आहेत. म्हणून मोठी खरेदी करण्यापूर्वीं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कचेरींत विचारून घ्यावें. खाद्यपदार्थांसाठीं २०१८ चे वेष्टनाचे अन्नसुरक्षा विनियम आहेत. त्यांप्रमाणें वर्तमानपत्राच्या कागदांत खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई आहे. विक्रेत्याकडून माल खाद्योपयोगी असल्याचा लेखी दाखला मागावा. पॉलिथीनसाठीं आयएस १०१४६, पॉलिप्रोपिलीनसाठीं आयएस १०९१० व पेटसाठीं आयएस १२२५२ हीं भारतीय मानकें आहेत. तोंडी हमी दप्तरीं चालत नाहीं, येथेंही चालवूं नये.

घरची परीक्षा

हजार पिशव्या घेण्यापूर्वीं दहा पिशव्या घेऊन माल भरावा. एक पिशवी थोडी हवा ठेवून बंद करावी व पाण्यांत दाबावी. बुडबुडे आले तर तोंड नीट चिकटलेलें नाहीं. पांच पिशव्या खिडकीपाशीं व चार पेटींत ठेवाव्या. ठेवतांना प्रत्येकीचें वजन बारीक कांट्यावर करून लिहून ठेवावें. गुळाचें वजन वाढलें तर ओल आंत शिरली. खिडकीपाशींचा जिन्नस खवटला आणि पेटींतला टिकला, तर उजेड अडविणारी पिशवी घ्यावी. दोन्हीं ठिकाणचा खवटला, तर प्राणवायु अडविणारी. ही परीक्षा पावसाळ्यांत करावी व निदान दोन महिने चालवावी. आम्हीं ती आधीं केली असती तर चाळीस किलो चटणी वांचली असती.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, जेथें साध्या एकजातीय पिशवीनें काम भागतें तेथें पदरांची पिशवी घेऊं नये; आणि रिकामी झालेली कोणतीही पिशवी बांधावर टाकूं नये. ती वाऱ्यानें गव्हाणींत जाते व गुरांच्या पोटांत राहते. मालाचें रक्षण करणारी वस्तु आपल्याच गोठ्याचा घात करील, एवढी बेपर्वाई आपल्या हातून होऊं नये.