बसलेली पेढी कुठल्या रकान्यात मोजायची?

वाशिममध्ये मी कर सल्लागाराचं काम करतो. दालमिल, जिनिंग, अडत दुकानं, शेतकरी उत्पादक कंपन्या असे माझे अशील. अधूनमधून एखादा पत्रकार किंवा प्रकल्प अहवाल लिहिणारा विचारतो, 'जिल्ह्यात दरवर्षी किती कंपन्या दिवाळखोरीत निघतात?' त्यांना जे सांगत आलो, ते इथे लिहून काढतो.

1. आधी जिल्ह्याचा रकाना आहे का ते बघा. दिवाळखोरी व नादारी मंडळ, म्हणजे आयबीबीआय, दर तिमाहीला वार्तापत्र काढतं. त्यात उद्योगक्षेत्रानुसार आकडे असतात, अर्ज बँकेने केला की मालाचे पैसे अडकलेल्या व्यापाऱ्याने, तेही असतं. वाशिम मात्र शोधून सापडत नाही. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. त्याच्या सामाजिक व आर्थिक समालोचनात पाऊस आहे, पशुधन आहे, पण बुडालेल्या कंपन्यांचा तक्ता मला आजवर मिळालेला नाही.

2. कंपनी नोंदलेली असते तिथे मोजली जाते, चालते तिथे नाही. कंपनीचा सीआयएन क्रमांक एकदा बारकाईने बघा. एकवीस अक्षरं-आकडे. पहिलं अक्षर एल किंवा यू, म्हणजे शेअर बाजारात आहे की नाही. मग पाच आकड्यांत धंदा, मग एमएच, मग स्थापनेचं वर्ष, प्रकार आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. अख्खा महाराष्ट्र दोन अक्षरांत बसवलाय. रिसोड आणि नरिमन पॉइंट त्यात सारखेच.

सोयाबीनवाल्यांना रुची सोया या खाद्यतेल कंपनीचं नाव सांगावं लागत नाही. कारभार इंदूरचा, कारखाने मध्य प्रदेश-राजस्थानपासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत, नोंदणीकृत कार्यालय मुंबईत. डिसेंबर 2017 मध्ये प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने दाखल करून घेतलं. 2019 मध्ये पतंजलीची 4,350 कोटींची योजना मंजूर झाली, 2022 मध्ये नावही पतंजली फूड्स झालं. प्रादेशिक तक्ता केला तर हे सगळं महाराष्ट्राच्या, त्यातही मुंबईच्या खात्यावर. झळ कुठे लागली ते त्यावरून कळत नाही.

3. आमच्याकडे बुडणारा बहुधा कंपनी नसतोच. एकट्याच्या मालकीचं दुकान किंवा भावाभावांची भागीदारी. एका सोमवारी सोयाबीनच्या हर्रासाला नेहमीचा खरेदीदार दिसत नाही. अडत्या फोन लावतो, बंद. दुपारपर्यंत कुणीतरी गोदामाला नवं कुलूप पाहून येतो आणि संध्याकाळी बाजारात बातमी : 'पार्टी बसली.' नियमाने चुकारा त्याच दिवशी व्हायला हवा. प्रत्यक्षात अडत्याने शेतकऱ्याला खिशातून पैसे दिलेले असतात आणि खरेदीदाराकडे उधारी तुंबलेली असते. पुढे कलम 138 खाली चेक बाउन्सची केस, नातेवाइकांची बैठक, रुपयाला चाळीस पैशांवर तोड. यातलं काहीही दिवाळखोरीच्या आकड्यात जात नाही.

जाणार तरी कसं? 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांचा भाग कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच लागू झालाय. बाकीच्यांसाठी अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. त्यात अर्जासाठी कर्जाची किमान रक्कम आहे 500 रुपये. ब्रिटिशांनी ठरवलेली. माझ्या ओळखीतला एकही व्यापारी त्या वाटेने गेलेला नाही. 'नादार' हा शिक्का लागला की मुलीच्या सोयरिकीपर्यंत तो पोचतो.

4. सहकारी संस्थांची यादी वेगळी. पतसंस्था किंवा खरेदी-विक्री संघ गुंडाळायचा तर 1960 च्या सहकार कायद्याच्या कलम 102 खाली अवसायनाचा आदेश काढून अवसायक नेमतात. तो आकडा सहकार निबंधकाकडे.

5. शेतकरी उत्पादक कंपन्या मात्र खरोखरच्या कंपन्या, आणि त्याच सर्वांत गुपचूप मरतात. अनुदानाच्या भरात स्थापन होतात, चाळणी-प्रतवारीचं यंत्र बसतं, दोन हंगाम हमीभाव खरेदी होते, मग सचिव नोकरीला लागून निघून जातो. विवरणपत्रं थकतात. मग अध्यक्ष पाकीट घेऊन येतात : 'साहेब, कंपनी बुडाली काय आपली?' बुडाली नाही, दादा. नाव कापायची नोटीस आहे. दोन वर्षं धंदा नाही आणि कागदही भरले नाहीत, तर कंपनी कायद्याच्या कलम 248 खाली निबंधक नाव काढू शकतो. 2017 च्या मोहिमेत देशभरात सव्वादोन लाखांवर नावं अशी गेली. त्यांतल्या कितींच्या डोक्यावर देणी होती आणि किती नुसत्याच कागदावर होत्या, ते या आकड्यातून उमगत नाही. उलट, नोंदीत 'सक्रिय' असलेल्या किती कंपन्यांचं शटर वर्षभर उघडलेलं नाही, तेही नाही. मला विचाराल तर वाशिमसारख्या जिल्ह्यात याच कापलेल्या नावांच्या यादीवर आधी काम व्हायला हवं.

6. तक्त्यात 2020 पाशी आडवी रेघ ओढा. 24 मार्च 2020 ला कंपनीच्या दिवाळखोरीच्या अर्जासाठी थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी झाली. दुसऱ्या दिवसापासून वर्षभरातल्या थकबाकीसाठी अर्जच बंद. लहान उद्योगांच्या पूर्वनियोजित तडजोडीची मर्यादा पुढे दहा लाख ठेवली, पण त्यात अर्ज कर्जदाराने स्वतः करायचा असतो. चाळीस लाख अडकलेल्या अडत्याला दार बंदच. रेघेआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच आलेखात जोडून 'दिवाळखोरी घटली' असं लिहिणाऱ्याचा अहवाल मी पुढे वाचत नाही.

7. दाखल झालेलं प्रकरण म्हणजे सगळं प्रकरण नव्हे. मार्च 2024 पर्यंत देशात साडेसात हजारांवर प्रकरणं दाखल झाली. पण दाखल करून घेण्याआधीच तडजोड होऊन मागे घेतलेले अर्ज 28 हजारांवर होते. नुसती भीती घालून वसुली झाली, ती मोजणीबाहेर.

8. टक्केवारी जपून. समजा जिल्ह्यात तीनशे चालत्या कंपन्या आहेत आणि गेल्या वर्षी एक बुडाली, यंदा तीन. मथळा होतो 'तिप्पट'.

9. मग बघायचं काय? विवरणपत्रं न भरल्याने रद्द झालेल्या जीएसटी नोंदण्या, औद्योगिक वीजजोडण्यांतल्या 'पीडी', म्हणजे कायमच्या तोडलेल्या, आणि बँकांच्या जिल्हावार थकीत कर्जाचे तक्ते. तिन्ही अपुरे. जीएसटी तर मुलाच्या नावाने नवी काढण्यासाठीही रद्द होते.

10. ज्याचे पैसे अडकलेत त्याने आकडा सोडून जाहिरात बघावी. प्रकरण दाखल झालं की फॉर्म ए निघतो : कंपनीचं नाव, पत्ता, दावा करायची शेवटची तारीख. मुदत चौदा दिवसांची. वर्तमानपत्रात ती नोंदणीकृत आणि मुख्य कार्यालयाच्या गावी छापली जाते, म्हणजे बहुतेकदा मुंबईत. कारंज्याच्या व्यापाऱ्याच्या हाती तो अंक पडत नाही. आयबीबीआयच्या संकेतस्थळावर मात्र ती असते. माल पुरवणाऱ्याने फॉर्म बी भरायचा, सोबत बिलं, काटापट्टी, बँकेचा उतारा. वहीतली पेन्सिलची नोंद तिथे चालत नाही.