दुखत नव्हतं, तरी हाड झिजत होतं

दाताच्या इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. टायटॅनियमचा स्क्रू किडत नाही, त्यावरची कॅपही नाही. पण भोवतालची हिरडी आणि हाड आपलंच असतं, आणि जंतू तिथेच घर करतात.

माझ्या खालच्या दाढेच्या इम्प्लांटने सगळं व्यवस्थित चावता येत होतं. फक्त ब्रश करताना तिथून रक्त यायचं, हिरडी दाबली की घाण चवीचा पू यायचा. ठणका कधीच लागला नाही. एक्स-रेत मात्र स्क्रूभोवती हाडाचा वाटीसारखा खड्डा दिसला. निदान झालं पेरी-इम्प्लांटायटिस. कॅप बसवताना निसटलेलं सिमेंट हिरडीखाली राहिलं होतं आणि त्यावर जंतूंचा थर साचला होता.

नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू घट्ट रुतलेले असतात. इम्प्लांटला तशी पकड नसते, हिरडी नुसती बिलगून असते. त्यामुळे जंतू एकदा आत शिरले की हाडापर्यंत लवकर पोचतात. पायरियाचे अनेक जंतू इथेही सापडतात, म्हणून ज्यांचे दात पायरियाने गेले त्यांना धोका अधिक.

नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही; चिकट थरातल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचत नाही. माझी हिरडी उघडून सिमेंट काढलं, स्क्रू घासून साफ केला. इम्प्लांट वाचलं, गेलेलं हाड पूर्ण भरलं नाही.

इम्प्लांट करून घेणाऱ्यांनी आधी पायरियावर उपचार घ्यावेत, रक्तातली साखर आटोक्यात आणावी, तंबाखू आणि सिगारेट सोडावी. कॅप सिमेंटने बसणार की स्क्रूने, हे विचारावं. सिमेंटने बसणार असेल तर जादा सिमेंट निघाल्याची खात्री करून घ्यावी. कॅप बसल्यावरचा एक्स-रे जपून ठेवावा. पुढे हाड किती झिजलं हे त्याच्याशी ताडूनच कळतं. रोज कॅपच्या कडेने इंटरडेंटल ब्रश फिरवावा. तपासणीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि दर वेळी हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीची खोली मोजायला सांगावं.

नुसती हिरडी सुजून रक्त येतं, हाड शाबूत असतं, तो टप्पा म्युकोसायटिसचा. तो साफसफाईने बरा होऊ शकतो. म्हणून रक्त दिसलं की दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.